टोपाझ कुठून शिकावी

आमच्या बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात साहेब, मी आणि एक प्रिंटर एवढेच कर्मचारी आहोत. प्रिंटरला कर्मचाऱ्यांत धरायचं कारण असं, की विभागात रजेचा हक्क नियमितपणे तो एकटाच बजावतो.

गाड्या किती वाजता सुटायच्या हे ज्या जुन्या प्रोग्रॅमवर ठरायचं, तो लिहिणारे गृहस्थ निवृत्त होऊन परगावी गेले होते. जाताना त्यांनी कुणाला काही समजावलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. एका सकाळी तो प्रोग्रॅम बंद पडला तो पडलाच. वरून हुकूम आला की नवा प्रोग्रॅम ‘टोपाझ’ नावाच्या नव्या संगणकीय भाषेत करायचा, आणि तोवर वेळापत्रक हाताने. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, की बाहेरून माणूस आणायचा का विभागातलंच कुणी शिकणार? विभागातलं कुणी म्हणजे मी, कारण प्रिंटर त्या दिवशी रजेवर होता.

बाहेरचा माणूस आला असता तर माझी रवानगी हरवलेल्या वस्तूंच्या विभागात झाली असती. तो विभाग डेपोच्या तळघरात आहे. तिथे छत्र्या असतात, एकेकट्या चपला असतात. एकदा तिथे एक कवळी जमा झाली होती आणि ती आपलीच आहे का हे बघायला आलेल्या प्रत्येकाने ती घालून पाहिली होती. मला ती कवळी आठवली आणि मी म्हणाले, “भाषाच आहे ना साहेब, शिकते की.”

घरी मी ही बातमी जेवताना सांगितली. सासूबाईंनी विचारलं, ही भाषा बोलतात कुठे? मी म्हटलं, कुठेच नाही, ती फक्त संगणकाला कळते. त्यावर त्या म्हणाल्या की घरात तो नंतर आला, आपण आधीपासून आहोत, तर भाषा त्याने शिकायला हवी. हा मुद्दा इतका रास्त होता की मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांनी एवढंच विचारलं की या भाषेत ऱ्हस्वदीर्घ असतात का. नसतात म्हटल्यावर त्यांचं मन त्या भाषेवरून उडालं.

नवऱ्याने मात्र विषय गंभीरपणे घेतला. तो वजनमापं तपासणी खात्यात आहे आणि तपासल्याशिवाय काही घरात येऊ देत नाही. त्याचं म्हणणं, शिकणं कठीण नसतं, चांगलं साधन मिळणं कठीण असतं. चुकीच्या पुस्तकावरून शिकलेलं डोक्यातून काढायलाच जन्म जातो. तेव्हा आधी उत्तमातलं उत्तम साधन शोधायचं आणि मगच पहिलं अक्षर गिरवायचं. मला हे पटलं, कारण यात पहिलं अक्षर पुढे ढकललं जात होतं. हाच माणूस पंख्यांची तुलना करत बसला होता आणि पंखा घरी आला तेव्हा आम्ही पांघरुणं बाहेर काढत होतो, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरले.

खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. दवाखानाही तिथेच. धंद्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायची सवय आहे. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, वहिनी, टोपाझ थेट शिकायची नसते, ती जिच्यातून निघाली ती भाषा आधी यायला पाहिजे. आणि ती यायला संगणकाची स्मरणशक्ती कशी चालते ते कळलं पाहिजे. आणि त्यासाठी वीज. डॉक्टरांना स्वतःला यातलं काय येतं, असं विचारण्याचा मोह मी आवरला, कारण माझी एक दाढ त्यांच्या हातात अर्धी होती. त्यांनी त्यांचं कॉलेजातलं पदार्थविज्ञानाचं पुस्तक आणून दिलं. तो सगळा आठवडा मी विजेवर होते. आठवड्याअखेर मला टोपाझ येत नव्हती, पण आमच्या स्वयंपाकघरातल्या बटणाला हात लावायची भीती वाटायला लागली होती.

मग धाकट्या बहिणीने व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. तिला टोपाझशी काही देणंघेणं नाही, ती फुलांचं दुकान चालवते, पण मदतीची तिला भयंकर हौस. पहिल्या व्हिडिओत एक दाढीवाला तरुण होता. आज आपण काय शिकणार, ते का शिकणार आणि ते शिकल्यावर आपलं आयुष्य कसं बदलणार, हे त्याने इतकं मनापासून सांगितलं की शिकवायला वेळच उरला नाही. दुसऱ्यात एक मुलगी होती. ती “हे तर अगदी सोपं आहे” म्हणत पानभर मजकूर टाइप करायची आणि माझा चष्मा पुसून होईपर्यंत पुढच्या पानावर गेलेली असायची. तिसऱ्यातला माणूस फार गोड शिकवायचा, पण त्याच्या मागे खिडकीत एक मांजर बसलेलं असे आणि ते आता पडणार, मग पडणार, या धास्तीत मला एक शब्द ऐकू आला नाही. मांजर पडलं नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला, तेव्हाही पडलं नाही.

नवरा म्हणाला, व्हिडिओ कसले बघतेस, पुस्तक आण. मी ‘संपूर्ण टोपाझ’ नावाचं पुस्तक आणलं. त्याने ते हातात तोललं, खात्यातला काटा घरी असता तर त्यावरही ठेवलं असतं, आणि वजनावरून अनुकूल मत दिलं. पुस्तक पहिल्या प्रकरणात माझ्या पाठीवरून हात फिरवत होतं. दोन आणि दोनची बेरीज कशी करायची ते त्यात इतक्या मायेने सांगितलं होतं की मला लेखकाला भेटावंसं वाटलं. दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं, “एवढं समजल्यावर आता आपण एका रुग्णालयाचा संपूर्ण कारभार चालवणारा प्रोग्रॅम लिहू.” मला लेखकाला भेटावंसं अजूनच वाटायला लागलं.

या सगळ्यात माझा फोन बिथरला. मी त्याला दिवसरात्र विचारत होते की टोपाझसाठी सर्वात चांगलं काय, नवशिक्यांनी टोपाझ कुठून घ्यावी. त्याला टोपाझ म्हणजे अंगठीतला खडा एवढंच ठाऊक. त्याने अंगठ्या दाखवायला सुरुवात केली. मग कानातले. मग एका जवाहिऱ्याकडून फोन आला की ताई, संकोच करू नका, नुसतं बघून जा. नवऱ्याने हे माझ्या खांद्यावरून पाहिलं असावं, कारण दोन दिवस तो बँकेचं पासबुक चाळत होता. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला आतल्या खोलीत नेऊन सुनावलं, की एवढ्या वर्षांत तिने तोंडाने काही मागितलं नाही, बिचारी फोनला विचारते आहे. संध्याकाळी तो अंगठी घेऊन आला. पिवळा, लखलखीत खडा. खरा प्रकार मी त्याला ती बोटात नीट बसल्यानंतरच सांगितला.

घरात उलगडा झाला तरी ऑफिसात तो व्हायचा होता. मला कुणीतरी सांगितलं होतं की टोपाझ बनवणाऱ्यांनी स्वतःच एक शिकवणी त्यांच्या साइटवर ठेवली आहे, फुकट आणि उत्तम. ऑफिसच्या संगणकावर ती उघडायला गेले तर पडद्यावर लाल पाटी आली: दागदागिन्यांची खरेदी कामाच्या वेळेत निषिद्ध. मी संगणक विभागात गेले. तिथल्या माणसाने मान्य केलं की ही साइट दागिन्यांची नाही, पण यंत्राने तिला दागिन्यांत टाकलं आहे, आणि यंत्राचा निर्णय फिरवायला दक्षता अधिकाऱ्यांची परवानगी लागते. दक्षता अधिकाऱ्यांनी माझा अर्ज वाचला, मग माझ्या बोटातली अंगठी पाहिली, मग पुन्हा अर्ज वाचला. म्हणाले, यावर रीतसर सुनावणी घ्यावी लागेल.

प्रशिक्षण विभागाने आणखी निराळी अडचण काढली. त्यांच्या नियमाप्रमाणे कुठलंही साधन वापरायचं तर तीन पुरवठादारांची दरपत्रकं हवीत. मी म्हटलं, हे फुकट आहे. ते म्हणाले, हरकत नाही, फुकटची तीन दरपत्रकं आणा आणि त्यांतलं सर्वात स्वस्त असेल ते आपण मंजूर करू.

शेवटी मी घरबसल्या चालणाऱ्या एका थेट वर्गात नाव घातलं. गुरुजी पडद्यावर होते, आम्ही शिष्य आपापल्या घरी. गुरुजी दर पाच वाक्यांनंतर विचारायचे, समजलं ना सगळ्यांना? आणि सगळे भराभर ‘हो’ लिहायचे. मीही लिहायचे, चारचौघांत मागे कशाला पडा. सासूबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या. तिसऱ्यांदा गुरुजींनी विचारलं तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, “नाही समजलं.” माझा माइक चालू होता. लगेच एकाने लिहिलं, मलाही नाही. मग दुसऱ्याने. मग ‘नाही’ची अशी काही रांग लागली की गुरुजींचं इंटरनेट गेलं. ते पुन्हा कधी आलं नाही. सासूबाईंना मात्र त्यानंतर अनेक दिवस अनोळखी शिष्यांचे आभाराचे निरोप येत होते.

आता इतकं सगळं गोळा केल्यावर त्यातलं काहीतरी अंगाला लागणारच. मी हिंमत करून सात नंबरच्या बसचं वेळापत्रक काढणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सुरुवात दाढीवाल्याची, मधला भाग पुस्तकाच्या मायाळू प्रकरणातला, शेवट भरभर टाइप करणाऱ्या मुलीचा, व्हिडिओ थांबवून थांबवून उतरवलेला. पहिली गाडी सकाळी सातला, मग दर बारा मिनिटांनी एक, अशा वीस. आणि तो चालला. पडद्यावर वेळा एकीखाली एक उतरत गेल्या, सात, सात बारा, सात चोवीस. मी सगळ्यांना हाक मारून ते दाखवलं. डॉक्टरही वर आले. सासूबाईंनी संगणकाला उद्देशून “शहाणं बाळ” असं म्हटलं.

सासरे तेवढे खूश नव्हते. त्यांनी तो प्रोग्रॅम कागदावर काढून मागितला, चष्मा बदलला आणि पेन्सिल घेऊन बसले. त्यांच्या मते ओळींची मांडणी बेशिस्त होती. बऱ्याच ओळी समासाला धरून होत्या आणि मधल्या दोन उगाचच आत सरकलेल्या. त्यांच्या छापखान्यात असा मजकूर पुढे गेला असता तर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला साहेबापुढे उभं केलं असतं. त्यांनी दुसरी ओळ बाणाने ओढून समासाला लावून दिली. पहिलीलाही लावणार होते, पण ती परिच्छेदाची सुरुवात असावी, असं म्हणून त्यांनी तिला माफ केलं. सासऱ्यांचं मन कशाला मोडा म्हणून मी संगणकावर तशी दुरुस्ती केली. प्रोग्रॅम आता खरोखरच देखणा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना दाखवायला म्हणून मी वेळापत्रकाची प्रत काढायला गेले. प्रिंटर रजेवर. तेवढ्यात दक्षता अधिकाऱ्यांकडून सुनावणीचं बोलावणं आलं. मी तिकडे गेले आणि टोपाझ हा खडा वेगळा आणि टोपाझ ही भाषा वेगळी हे पटवण्यात माझी सबंध दुपार गेली. त्यांनी शेवटी विचारलं, “मग ही अंगठी?” मी म्हटलं, ही भाषेमुळेच मिळाली. त्यांनी सुनावणी पुढे ढकलली.

इकडे प्रिंटर कामावर रुजू झाला होता. त्याने साठवलेलं सगळं छापून बाहेर टाकलं. आमच्या कचेरीत एखादा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला ऋतू बदलावा लागतो. माझ्या वेळापत्रकाचा हा एक कागद मात्र जावकच्या कारकुनाने तत्परतेने उचलला, शिक्का मारला आणि डेपोला पाठवला. उद्यापासून लागू.

उद्या उजाडला. मी सकाळी सातला बाल्कनीत दात घासत होते. समोरच्या रस्त्यावरून सात नंबरची बस गेली. तिच्या मागे सात नंबरची बस गेली. तिच्या मागे आणखी एक. मला वाटलं, काल झोप कमी झाली. पण गाड्या येतच राहिल्या, एकीच्या शेपटाला दुसरीचं नाक लावून, सगळ्यांवर सात नंबर. थांब्यावरच्या लोकांना आधी आनंद झाला. मग ते निवड करायला लागले. एक आजोबा खिडकीची जागा आवडेना म्हणून दर थांब्यावर उतरून मागच्या गाडीत बसत होते. चालक एकमेकांना हात दाखवत होते. कित्येकांची पूर्वी फक्त हजेरीपटावरच्या नावापुरती ओळख होती. डेपोप्रमुख फार शिस्तीचा माणूस. कागदावर सगळ्या गाड्या सातला आहेत म्हटल्यावर त्याने सगळ्या सातला सोडल्या होत्या.

साहेबांचा फोन आला. आवाज शांत होता, आणि त्यांचा आवाज शांत झाला की प्रकरण गंभीर असतं, म्हणून मी आधी चूळ भरली.

“मॅडम, सात नंबर सगळ्या गेल्या.”

“कुठे गेल्या साहेब?”

“शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथे एका वेळी एकच गाडी वळते. आता सगळ्या तिथे आहेत. दुपारपर्यंत नवं वेळापत्रक द्या. नाही जमलं तर तळघराची किल्ली घ्यायला या.”

मी रिक्षाने ऑफिस गाठलं, कारण बस मिळणं शक्य नव्हतं. वाटेत डॉक्टरांचा फोन आला, की दिवसभराचे सगळे रुग्ण एकदम येऊन दारात उभे आहेत आणि यामागे विजेचा काही संबंध आहे का? बहिणीने नवीन व्हिडिओ पाठवला. नवऱ्याने कळवलं की एका जाड्या पुस्तकाचा त्याला शोध लागला आहे, घाई करू नकोस. पोचताच मी फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकला. साइट लाल पाटीखाली होती, पुस्तक घरी होतं, मांजरवाला माणूस फोनबरोबर खणात गेला होता. टेबलावर मी होते आणि तो देखणा प्रोग्रॅम.

दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी तो वाचला. पहिल्यांदाच, वरपासून खालपर्यंत, सासऱ्यांसारखं बोट ठेवून. गाड्या वीसच्या ऐवजी दोनच केल्या. दोन्ही सातला सुटल्या. प्रत्येक पायरीला ‘आता वेळ किती’ हे छापायला सांगितलं. प्रोग्रॅम आज्ञाधारकपणे म्हणाला, सात. सात. आणि सगळ्या गाड्या सुटून गेल्यानंतर, अगदी शेवटी म्हणाला, सात बारा. मी खुर्चीत ताठ बसले. बारा मिनिटं मिळवायची ओळ तो वाचत होता, पण गाड्या गेल्यावर. ती आत असती तर प्रत्येक गाडीला लागू झाली असती. ती समासाला लावल्यामुळे बाहेर पडली होती आणि एकटीच शेवटी येऊन उभी राहिली होती. मी तिला पुन्हा आत सरकवलं. जेमतेम बोटभर. गाड्या बारा बारा मिनिटांनी मोकळ्या झाल्या.

बिघडलेला प्रोग्रॅम आपण होऊन इतकं सांगतो, हे मला एकाही साधनाने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी त्या पानापर्यंत पोचले नव्हते. मी उठून व्हरांड्यातून पळत सुटले. समोर दक्षता अधिकारी आले. मी त्यांचा हात धरून त्यांना टेबलाशी आणलं आणि ती ओळ बाहेर काढून दाखवली, आत घालून दाखवली, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. त्यांनीही एकदा करून पाहिली. मग म्हणाले, “परत एकदा बघू.” त्यानंतर त्यांनी स्वतः जाऊन लाल पाटी काढायला लावली आणि ते त्या साइटवर तासभर बसून होते.

परतीचं वेळापत्रक मी त्याच प्रोग्रॅममधून काढलं, दोनदा तपासलं आणि डेपोला स्वतः नेऊन दिलं. गाड्या एकेक करून वळल्या आणि बारा बारा मिनिटांनी परत आल्या. साहेबांनी शाबासकी दिली नाही, ती त्यांच्या स्वभावात नाही. फक्त म्हणाले, बाकीच्या नंबरांचंही करून टाका, आणि तळघरात दुसरं कुणीतरी बघतो. घरी मी सासऱ्यांना घडलं ते हळू आवाजात सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “म्हणजे या भाषेत समासाला अर्थ आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी आदर पाहिला. दुसऱ्या दिवशी ‘संपूर्ण टोपाझ’ त्यांच्या उशाशी होतं आणि मागच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा पडायला लागल्या होत्या.

पुढच्या सोमवारी सात नंबरचं नवं वेळापत्रक नीट लागू झालं. मी लवकर आवरून थांब्यावर गेले. शिंप्याच्या दुकानाची फळी अजून उघडायची होती. रस्ता रिकामा होता, मी मनगटाकडे बघत होते, आणि माझ्या प्रोग्रॅमने सांगितलेल्या मिनिटाला सात नंबर वळणावर दिसली. आली. थांबली. दार उघडलं. मी तिच्याकडे बघत राहिले. हा सबंध डबा, चाकं, आतली माणसं, टांगलेल्या मुठी, हे सगळं एका ओळीच्या सांगण्यावरून इथे या क्षणी येऊन उभं होतं.

“मॅडम, चढताय ना?” कंडक्टरने विचारलं.

मी म्हटलं, “नाही, तुम्ही निघा. वेळ झाली.”

गाडी निघाली, ठरल्या मिनिटाला. मग मला वाटलं, पुढचीही बघून जावं. तीही आली. मग तिच्या पुढची. एव्हाना शिंप्याने दुकान उघडून मला बसायला स्टूल दिलं होतं.

ऑफिसात पोचले तेव्हा साहेब दारातच उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उशीर का झाला म्हणून विचारलं.

मी म्हणाले, “साहेब, गाड्या वेळेवर होत्या.”